दोन्ही व्हायलींवर ५० मिलिग्रॅमच, पण औषध तेच नाही

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६२ वर्षांचे, वजन ६० किलो, जुना मधुमेह. सायनसमध्ये म्युकर म्हणजे काळी बुरशी निघाली, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, घरी सोडलं. लिपोसोमल अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध रोज ३०० मिलिग्रॅम, असे उरलेले १४ डोस सिंहगड रोडवर घराजवळच्या नर्सिंग होममध्ये घ्यायला सांगितलंय. आता दुकानात लिपोसोमल संपलं आणि दुकानदार म्हणतो, "हेही अँफोटेरिसिनच आहे, ५० चीच व्हायल, बरीच स्वस्त पडेल." त्याशिवाय चार शंका आहेत: शुगर असताना औषध ग्लुकोजमध्ये का, सलाईनमध्ये म्हणजे मिठाच्या पाण्यात का नाही, ड्रिप सुरू झाली की हुडहुडी भरते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा) १.१ वरून १.६ झालं, आणि सिस्टर बोलावून उरलेले डोस घरीच दिले तर चालतील का.

दुकानदाराच्या व्हायलीचं आधी, कारण बाकीच्या शंका उद्यापर्यंत थांबतील, ही थांबणार नाही. त्या स्वस्त व्हायलींत बहुधा साधं, म्हणजे लिपोसोमल नसलेलं अँफोटेरिसिन असतं. तशा सहा आणून लिपोसोमलच्या जागी लावायच्या नाहीत. साध्या अँफोटेरिसिनचा दिवसाचा डोस किलोमागे ०.७ ते १ मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि आजार कितीही गंभीर असला तरी किलोमागे १.५ च्या वर जायचं नाही. लिपोसोमलचा म्युकरसाठीचा डोस किलोमागे ५ ते १०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला लिपोसोमलचे ३०० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, पण साध्याचे ३०० म्हणजे कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त. एवढ्या डोसाने हृदय आणि श्वास बंद पडून माणसं गेलेली आहेत, म्हणूनच साध्या औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा ठळक छापलेला असतो. चूक नंतर लक्षात आली तरी डायलिसिस करून हे औषध रक्तातून काढता येत नाही.

घोटाळा होतो तो ५० या आकड्यामुळे. दोन्ही व्हायली ५० मिलिग्रॅमच्या, दोन्हींत पिवळी पावडर, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत अँफोटेरिसिन बी. चिठ्ठीवर नुसतं "अँफो ३००" लिहिलेलं असलं आणि समोर साधं औषध असलं, तर सिस्टर सहा व्हायली मोजणार. तिचा हिशोब बरोबरच असतो, चुकते ती चिठ्ठी.

आतला फरक असा. अँफोटेरिसिन पाण्यात धड विरघळत नाही. साध्या प्रकारात त्याला डीऑक्सिकोलेट या पित्तातल्या क्षाराची जोड देऊन कसंबसं पाण्यात धरून ठेवलेलं असतं. लिपोसोमलमध्ये ते स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांच्या भिंतीत बसवलेलं असतं. हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून तिथे भोकं पाडतं. आपल्या पेशींच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नसलं तरी त्याचा भाऊबंद कोलेस्टेरॉल असतो, आणि मोकळं औषध मूत्रपिंडाच्या पेशींनाही थोडंफार तसंच छळतं. लिपोसोममध्ये औषध बांधलेलं राहतं, मूत्रपिंडाला मोकळं कमी मिळतं, म्हणून डोस पाचपट चढवता येतो. किमतीतला काहीशे आणि काही हजारांचा फरक याच गोळ्यांसाठी आहे.

व्हायल हातात घेतल्यावर ओळखायची कशी? ब्रँडच्या नावावर जाऊ नका, त्याखालची बारीक ओळ वाचा. तिथे "लिपोसोमल" हा शब्द असलाच पाहिजे. नुसतं "अँफोटेरिसिन बी इंजेक्शन" असेल किंवा डीऑक्सिकोलेटचा उल्लेख असेल तर ते साधं. मग पत्रकात पाणी किती घालायला सांगितलंय ते पाहा: साध्याला १० मिली, लिपोसोमलला सहसा १२ मिली. लिपोसोमलच्या बऱ्याच खोक्यांत ५ मायक्रॉनचा छोटा फिल्टर सोबत येतो, साध्यात येत नाही. पाणी घालून हलवल्यावरही फरक दिसतो. साधं औषध पिवळं आणि आरपार दिसतं. लिपोसोमल पिवळंच, पण धुकं भरल्यासारखं, सिरिंज ट्यूबलाइटसमोर धरली तर मागची नळी अंधुक दिसते. तेवढ्यावर मात्र भरवसा ठेवायचा नाही, कारण रंगाची परीक्षा होईपर्यंत महागाची व्हायल फुटलेली असते.

याशिवाय लिपिड कॉम्प्लेक्स आणि इमल्शन असे आणखी दोन प्रकार बाजारात आहेत. त्यांचे डोस लिपोसोमलच्या जवळपास असले तरी तयार करण्याची पद्धत वेगळी. आपल्याकडचं एक लिपोसोमल उत्पादन तर पावडरीऐवजी सलाईनमध्ये तयार द्रवाच्या रूपातच येतं आणि वापरण्याआधी ते ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावं लागतं. म्हणून पुढे जी कृती देतो ती पावडरीच्या लिपोसोमलची आहे. तुमच्या खोक्यातलं पत्रक वेगळं सांगत असेल तर पत्रकाचं ऐकायचं.

आज काय करायचं: ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना फोन करून साठा संपल्याचं सांगा. मोठ्या हॉस्पिटलांच्या स्वतःच्या फार्मसीत आणि सदाशिव पेठेतल्या होलसेल औषधबाजारात चौकशी करा. दुसऱ्या कंपनीचं लिपोसोमल मिळालं तर ते सहसा चालतं, पण डॉक्टरांना कळवून. एखाद्या दिवसाचा डोस पुढे ढकलला जाणं वाईटच, पण चुकीचं औषध बरोबर वेळेवर देणं त्याहून वाईट. कधी नाइलाजाने डॉक्टर साधं औषध निवडतातही. २०२१ च्या मे-जूनमध्ये लिपोसोमलचा खडखडाट होता तेव्हा अनेक ठिकाणी तेच करावं लागलं. मात्र तेव्हा डोस साध्याच्या हिशोबाने नव्याने लिहावा लागतो: ६० किलोला ६० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा व्हायलीच्या आत, सुमारे ६०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये (ग्लुकोजच्या पाण्यात), चार ते सहा तास. क्रिएटिनिन १.६ असलेल्या माणसाला हा पर्याय कुणी आनंदाने देणार नाही.

नर्सिंग होमला द्यायची चिठ्ठी डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या. तीत इतकं हवं: "लिपोसोमल" हा पूर्ण शब्द, पेशंटचं वजन, किलोमागे डोस, एकूण मिलिग्रॅम, व्हायली किती, कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं. शॉर्टफॉर्म नको.

आता मिसळण्याबद्दल. सहा व्हायली, प्रत्येकीत १२ मिली निर्जंतुक पाणी. इथे पहिला खड्डा आहे. इंजेक्शनचं पाणी आणि सलाईन, दोन्हींच्या १० मिलीच्या प्लॅस्टिक अँप्यूल ट्रेमध्ये शेजारी पडलेल्या असतात आणि दिसायला जुळ्या, पण सलाईन लागलं की औषध फाटतं. प्रत्येक अँप्यूल तोडण्याआधी तिच्यावरचं नाव वाचायचं, मूठभर एकदम तोडायच्या नाहीत. मोठ्या बाटलीतलं, जंतुरोधक घातलेलं पाणीही चालत नाही, त्यानेही औषध फाटतं.

दुसरा खड्डा "एक अँप्यूल, एक व्हायल" हा सोपा हिशोब. १२ ऐवजी १० मिली घातलं की द्रव जास्त घट्ट होतो. पूर्ण व्हायल वापरली तर मिलिग्रॅम तेवढेच जातात, पण अर्धी व्हायल लागणाऱ्या पेशंटला मोजमाप चुकतं, आणि घट्ट द्रवात गाठीही राहतात. १२ मिली घातल्यावर द्रवाच्या प्रत्येक मिलीत ४ मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे ३०० मिलिग्रॅमला ७५ मिली.

पाणी घातल्याबरोबर व्हायल जोरात हलवायची, ३० सेकंद, घड्याळ लावून. हातात हळुवार फिरवायची नाही. इन्सुलिनची बाटली हळू फिरवायची सवय असलेले हात इथेही तेच करतात आणि तळाशी पिवळी चिकट गाठ राहून जाते. हलवून झालं की उजेडासमोर धरून पाहा. कण दिसले तर पुन्हा हलवा. तरीही राहिले तर ती व्हायल बाजूला ठेवा. मग द्रव सिरिंजमध्ये ओढायचा, सुई काढून ५ मायक्रॉनचा फिल्टर लावायचा आणि फिल्टरमधून डेक्स्ट्रोजच्या बाटलीत ढकलायचा. एका व्हायलीला एक फिल्टर. पैसे वाचवायला एकाच फिल्टरमधून सहाही व्हायली काढायच्या नाहीत. तो चोंदतो, मग जोर लावला जातो आणि फाटतो.

बाटली ५ टक्के डेक्स्ट्रोजची, २५० मिली. तिच्यातून आधी ७५ मिली काढून टाकायचं आणि त्या जागी औषधाचे ७५ मिली भरायचे. आता २५० मिलीत ३०० मिलिग्रॅम, म्हणजे मिलीमागे १.२. मोठ्या माणसांसाठी ही तीव्रता १ ते २ च्या मध्ये हवी. लहान मुलांसाठी ती बरीच कमी ठेवतात. बाटलीवर मार्करने नाव, मिलिग्रॅम, मिसळल्याची वेळ. पाणी घातलेली पण डेक्स्ट्रोजमध्ये न मिसळलेली व्हायल फ्रीजमध्ये २४ तास राहते, मिसळलेली बाटली मात्र सहा तासांच्या आत सुरू झाली पाहिजे. सकाळी नऊला तयार करून डॉक्टरांची वाट पाहत चारला लावली, असं चालणार नाही.

शुगर आणि ग्लुकोज. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात. मुलगा म्हणतो बाबांना शुगर आहे, सिस्टरलाही ते पटतं आणि ड्रिप सलाईनमध्ये बनते. मिठाचं पाणी लागताक्षणी हे औषध फुटून साका होतो. कधी तो डोळ्यांना दिसतो, कधी दिसतही नाही, आणि मग फुकट गेलेलं औषध शिरेत जातं. उलट तुमच्या बाटलीत उरलेल्या १७५ मिली डेक्स्ट्रोजमध्ये साखर किती? पावणेनऊ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. तेवढ्याने शुगर चढली तर त्वचेखाली इन्सुलिनचे एक-दोन युनिट वाढवून भागतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण इन्सुलिन त्या बाटलीत टाकायचं नाही. काहीच टाकायचं नाही: पोटॅशियम नाही, अँटिबायोटिक नाही, मल्टिव्हिटॅमिन नाही.

सलाईन लागतं ते दुसऱ्या कामासाठी, मूत्रपिंडासाठी. औषधाच्या आधी ५०० मिली साधं सलाईन अर्ध्या ते एका तासात दिलं की मूत्रपिंडाला होणारा त्रास कमी होतो. पुष्कळदा नंतरही तेवढंच देतात. हृदयाचं पंपिंग कमी असेल, पायावर सूज असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. गंमत अशी की ज्या सलाईनने मूत्रपिंड वाचतं तेच नळीत औषधाला भेटलं तर औषध फाटतं. म्हणून क्रम पक्का: सलाईन संपलं की नळीतून १० ते २० मिली डेक्स्ट्रोज सोडून ती धुवायची, मग औषध, मग पुन्हा डेक्स्ट्रोजने धुवायची, मग हवं तर सलाईन. थ्री-वे (तीन तोंडांची जोडणी) लावून दोन्ही बाटल्या एकाच कॅन्युलाला, म्हणजे शिरेतल्या नळीला, एकदम जोडण्याची हौस नको. तसं केलेलं असेल तर थ्री-वेच्या पुढे नळीत पिवळट, ढगाळ दोरा तरंगताना दिसतो. दिसला की ड्रिप बंद, सेट बदलायचा, कॅन्युलाही बदलायची.

उजेडापासून वाचवायला बाटलीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायची पद्धत आहे. व्हायली साठवताना उजेड टाळायचाच. पण दोन तासांच्या ड्रिपसाठी निदान चेंबर आणि नळी उघडी असावी. फॉइलमागे साका झाला तर दिसणार कसा?

वेग: दोन तास. साध्या सेटमध्ये सहसा २० थेंबांना एक मिली होतो, सेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ते पाहून घ्या. २५० मिली १२० मिनिटांत म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. पहिली १५ मिनिटं १५ थेंबांवर ठेवून सिस्टरने शेजारी उभं राहायचं, मग ४५ पर्यंत न्यायचं. नवीन ब्रँड लागला असेल तर सुरुवातीला एक मिलिग्रॅमची चाचणी घेता येते: त्याच बाटलीतला एक मिलीहून कमी द्रव दहा मिनिटांत, मग ड्रिप बंद करून अर्धा तास लक्ष ठेवायचं. चाचणी सुखरूप गेली म्हणजे पुढे काहीच होणार नाही असं मात्र नाही. उशीर झाला म्हणून अर्ध्या तासात बाटली सोडणं बिलकूल नको.

हुडहुडीचं. ड्रिप सुरू झाल्यावर अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत थंडी वाजणं, ताप येणं, मळमळ हा या औषधाचा ओळखीचा त्रास आहे. साध्यात जास्त, लिपोसोमलमध्ये कमी, आणि डोसागणिक सहसा ओसरत जातो. अर्धा तास आधी पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० ची गोळी, गरज वाटली तर एव्हिल या ॲलर्जीवरच्या औषधाचं इंजेक्शन, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. हुडहुडी भरलीच तर ड्रिप थांबवायची, पांघरूण घालायचं, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजायचा, थंडी गेली की निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करायची. जोराच्या थंडीला हॉस्पिटलात पेथिडिन किंवा ट्रॅमाडॉल ही जोरदार वेदनाशामकं देतात, ते डॉक्टर समोर असतानाच.

इथे एका सवयीवर बोट ठेवायला हवं. ड्रिप कुठलीही असो, आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडची जोडी टोचायची, असा अनेक ठिकाणी रिवाज पडला आहे. म्युकरच्या मधुमेही पेशंटला रोज स्टेरॉइड म्हणजे ज्या कारणाने बुरशी वाढली त्यालाच खतपाणी. शुगर चढते आणि पोटॅशियमही उतरतं. एखाद्या दिवशी जोराच्या त्रासाला डॉक्टरांनी २५-५० मिलिग्रॅम दिलं तर ते समजू शकतं, पण १४ दिवस नेमाने नको. तुमच्या नर्सिंग होमच्या चार्टवर काय टोचलं जातंय ते विचारा.

सगळी थंडी औषधाचीच असते असंही धरून चालू नका. ड्रिप संपून बरेच तास झाल्यावर थंडी-ताप आला, किंवा कॅन्युलाची जागा लाल, गरम, दुखरी झाली, तर जंतुसंसर्ग शोधायचा. लिपोसोमलचा आणखी एक खास त्रास आहे, तो पहिल्या पाच-दहा मिनिटांतच दिसतो: छातीत दडपण किंवा धाप, कुशीत, पोटात किंवा पायात जोराची कळ, चेहरा लालबुंद. ड्रिप बंद केली आणि एव्हिल शिरेतून दिलं की तो सहसा लवकर उतरतो. पण ओठ, चेहरा सुजला, घशात घरघर आली, रक्तदाब पडला, तर ती गंभीर ॲलर्जी. तिथे एव्हिलवर वेळ घालवायचा नाही. अ‍ॅड्रिनॅलिन अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक हजारात एक तीव्रतेचं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. पेशंट आडवा, पाय वर, ऑक्सिजन, आणि हे औषध त्या माणसाला पुन्हा नाही. ड्रिप सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनॅलिनची अँप्यूल ट्रेमध्ये आहे ना, ते बघून घ्या. कपाटात आहे पण किल्ली दुसऱ्या शिफ्टच्या सिस्टरकडे, याला असणं म्हणत नाहीत.

क्रिएटिनिन १.६. "थोडंच वाढलंय" म्हणून सोडू नका. १.१ च्या जवळजवळ दीडपट झालं. ४८ तासांत ०.३ ची वाढ झाली तरी मूत्रपिंडाला इजा झाल्याचं मानतात. त्यामुळे पुढचा डोस लावण्याआधी रिपोर्ट डॉक्टरांच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे. दुप्पट म्हणजे २.२ च्या पुढे गेलं तर मूत्रपिंडतज्ज्ञ हवेत, आणि पोसाकोनाझोल किंवा आयसावुकोनाझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधांवर जाण्याचा विचार होतो. मात्र "किडनीला झेपत नाही तर सहाऐवजी चार व्हायली देऊ" हा निर्णय घरच्यांनी किंवा सिस्टरने घ्यायचा नाही. म्युकर अर्धवट डोसाला दबत नाही. सायनसमधून डोळ्यात आणि तिथून मेंदूत जायला त्याला फार दिवस लागत नाहीत.

घरच्यांच्या हातात आहे ते वेगळं. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असलेली गोळी चालू असेल तर आजच बंद करायला विचारा. पॅरासिटामॉलसोबतच्या जोडगोळ्यांत ती लपलेली असते, पाकिटामागची ओळ वाचा. अ‍ॅमिकासिन किंवा जेंटामायसिन चालू आहे का, कॉन्ट्रास्टचा सीटी स्कॅन ठरलाय का, लघवीची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगा. क्रिएटिनिन वाढतंय म्हटल्यावर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचाही फेरविचार लागतो. जुलाब-उलट्या होत असतील तर तेही लगेच सांगा, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात हे औषध जास्त बोचतं.

क्रिएटिनिनइतकंच लक्ष पोटॅशियम आणि मॅग्नेशियमवर हवं, आणि नेमकं मॅग्नेशियम तपासायचं राहून जातं. हे औषध मूत्रपिंडाच्या नळ्यांना गळकं करतं. दोन्ही क्षार लघवीवाटे वाहून जातात. पाय जड होणं, पिंडऱ्यांत गोळे, पोट फुगणं, धडधड, ही पोटॅशियम उतरल्याची लक्षणं. घरी ती "अशक्तपणा" म्हणून खपतात. पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं आणि सिरप पाजूनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. ते भरून निघेपर्यंत पोटॅशियम टिकत नाही, गळक्या बादलीत पाणी ओतल्यासारखं होतं. पोटॅशियमच्या बहुतेक सिरपमध्ये १५ मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतात. ते ग्लासभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, हळूहळू प्यायचं, नाहीतर पोटात जळजळ होते. शहाळं चांगलंच, पण ही तूट नुसत्या शहाळ्याने भरून निघत नाही, आणि मधुमेहात रोज दोन-तीन शहाळी परवडतही नाहीत.

शिरेतून पोटॅशियम द्यावं लागलं तर १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ती अँप्यूल थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. ५०० मिली सलाईनमध्ये एक अँप्यूल, बाटली उलटसुलट करून नीट मिसळून, हातातल्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, म्हणजे निदान दोन तास.

तपासण्यांचं वेळापत्रक: क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सध्या रोज, आकडे स्थिर झाले की एक दिवसाआड, आठवड्याला निदान दोनदा तरी. हिमोग्लोबिन आणि यकृताच्या तपासण्या आठवड्याला एकदा. या औषधावर हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं, लोहाच्या गोळ्यांनी ते लगेच वर येत नाही. रक्त सकाळी डोसाआधी काढायचं, आणि ज्या हाताला ड्रिप लागलेली त्या हातातून नाही. तारीख, डोस, वजन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, ड्रिपची वेळ, काय त्रास झाला, असे रकाने आखून एक वही करा. आकडे ओळीने दिसले की डॉक्टरांना निर्णय घ्यायला दोन मिनिटं लागतात, सुट्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यातून अर्धा तास.

घरी द्यायचं का? तुमच्या वडिलांना, या आठवड्यात, नाही. मूत्रपिंडाचे आकडे हलताहेत आणि हुडहुडी अजून भरते, एवढी दोन कारणं पुरेशी आहेत. साधं अँफोटेरिसिन तर घरी कुणालाच देऊ नये. लिपोसोमलचे ओळीने काही डोस विनात्रास गेले, आकडे स्थिर झाले, लेखी ऑर्डर आहे, आणि येणाऱ्या सिस्टरला हे औषध मिसळायची सवय आहे, तर काही ठिकाणी घरी देतात. तरी दोन-अडीच तास ती समोर बसली पाहिजे. ड्रिप जोडून "संपली की मला मिस्ड कॉल द्या" म्हणत दुसऱ्या पेशंटकडे जाणारी सिस्टर असेल तर त्यापेक्षा नर्सिंग होमची खुर्ची बरी. रोज नवी शीर शोधून हात सुजत असतील तर पिक लाईनबद्दल (दंडातून मोठ्या शिरेत घातलेल्या, बरेच दिवस टिकणाऱ्या नळीबद्दल) विचारा. चौदा डोसांसाठी तिचा विचार नक्की करण्यासारखा आहे.

औषध आणताना आणि ठेवताना: खोक्यावर २ ते ८ अंश लिहिलं असेल तर दुकानातून थर्माकोलच्या डब्यात, जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. व्हायल बर्फाला थेट टेकली तर गोठते, आणि गोठलेलं लिपोसोमल फेकून द्यायचं असतं, मग ते पुन्हा छान वितळलेलं का दिसेना. मे महिन्याच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवून आणलेली व्हायल वापरायची का, हा प्रश्नच येऊ देऊ नका, कारण नुसतं पाहून ते कळत नाही. घरच्या फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नाही, बर्फाच्या खणाला लागून नाही. एकदम चौदा दिवसांचा साठा घरी आणण्यापेक्षा तीन-चार दिवसांचा आणा. डॉक्टरांनी औषध बदललं तर उरलेल्या व्हायली परत घ्यायला दुकानदार कुरकुरतो. प्रत्येक वेळी पक्कं बिल घ्या आणि बॅच नंबर व एक्स्पायरी वहीत उतरवा. त्रास झाला तर पहिला प्रश्न बॅचचा येतो. बिलाशिवाय, कुणाच्या तरी ओळखीतून अर्ध्या किमतीत मिळणारी व्हायल घेऊ नका.

आणि या चौदा दिवसांत डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, पापणी पडणं, गाल बधिर होणं, टाळूवर काळा डाग, नाकातून काळपट स्राव किंवा गुंगी, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या डोसाची वेळ पाहत थांबायचं नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथे त्याच दिवशी, रात्र असली तरी, घेऊन जायचं.